सब बदलला, ॲम्प बदलला, तरी बेस एकाच सुरात घुमतो

तक्रार ठरलेली असते. गाडीत बारा इंची सब (सबवूफर, फक्त बेस वाजवणारा मोठा स्पीकर), डिकीत त्याचा पोर्टवाला बॉक्स, म्हणजे हवा आतबाहेर करायला नळी किंवा चीर ठेवलेली पेटी, ॲम्पही दमदार. पहिले चार दिवस मजा येते. मग लक्षात येतं की गाणं कुठलंही लावा, बेस एकच ‘धुम्म’ काढतो. बेस गिटार खाली उतरली की आवाज विरतो, जरा वर आली की आरसे थरथरतात. मधूनच आतून ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. काही महिन्यांनी सबच्या पडद्याला मागून धरणारा स्पायडर सुटतो किंवा पडदा हलवणारी कॉइल घासायला लागते. नवा सब आणून त्याच भोकात बसवला की पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू.

माझ्या बॉक्सने असे दोन सब खाल्ले. दुसरा गेल्यावर मी सबचं मॉडेल बदललं, वायर जाड केली, इक्वलायझरशी खेळून झालं. बॉक्सकडे मात्र बघितलंच नाही, कारण त्याचा हिशेब कागदावर पक्का होता: ट्यूनिंग, म्हणजे बॉक्स स्वतः ज्या सुराला घुमतो तो, ३३ हर्ट्झ. शेवटी वैतागून मोजलं तर ३९ निघालं.

सहा हर्ट्झचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण घुमणं, खालचे सूर गायब होणं आणि सब वारंवार तुटणं, या तिन्ही तक्रारींचं मूळ त्या सहा हर्ट्झमध्ये होतं. कसं ते पुढे सांगतो. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: पोर्टवाल्या बॉक्सचं ट्यूनिंग सब ठरवत नाही. ते ठरतं आतल्या हवेच्या घनफळावर आणि पोर्टच्या लांबी-रुंदीवर. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो सूर निघतो तो बाटलीचा असतो, फुंकणारा कोणीही असो. म्हणून सब बदलून हा दोष जात नाही.

आधी गाडीचा वाटा वेगळा काढा

बंद गाडी स्वतःच बेस वाढवते. आतली जागा अडीच मीटर लांब धरली, तर ध्वनीच्या ३४३ मीटर प्रति सेकंद या वेगाने साधारण ६९ हर्ट्झला अर्धी तरंगलांबी त्या जागेत मावते. त्याखालच्या सुरांना आतमध्ये लाट म्हणून पसरायला जागाच नसते. सब पूर्ण गाडीतल्या हवेचा दाब वरखाली करतो. याला केबिन गेन म्हणतात. सिद्धांतानुसार सूर एक सप्तक खाली गेला, म्हणजे त्याचे हर्ट्झ निम्मे झाले, की हा १२ डेसिबलपर्यंत वाढतो. प्रत्यक्षात कमी मिळतो, कारण पत्रा लवतो, काचा हलतात, फटींमधून दाब निसटतो.

यातून एक उलटी गोष्ट निघते. सॉफ्टवेअरमध्ये ज्या बॉक्सचा आलेख ३५ हर्ट्झपर्यंत सपाट दिसतो तो गाडीत घुमू शकतो, आणि ज्याचा आलेख ६० पासून हळूहळू उतरतो तो गाडीत छान वाटतो. फक्त आलेख बघून बॉक्स निवडणाऱ्यांची फसगत इथे होते.

बॉक्स लांब वायरीवर बाहेर, मोकळ्यावर ठेवा आणि तेच गाणं हळू आवाजात लावा. बाहेरही तोच एक सूर उठून ऐकू आला तर दोष बॉक्समध्ये आहे. बाहेर नीट वाजला आणि गाडीत घुमला, तर केबिन गेन आणि ॲम्पचा बेस बूस्ट यांची बेरीज होते आहे. बऱ्याच ॲम्पवर बेस बूस्ट ४५ हर्ट्झच्या आसपास बांधलेला असतो. तो आधी शून्यावर आणा, उरलेलं नंतर बघू. आणि नंबरप्लेट, डिकीचं झाकण, मागचा ट्रे हाताने दाबून बघा. निम्म्या वेळा ‘बॉक्स फाटतोय’ म्हणतात तो आवाज नंबरप्लेटचा असतो.

ट्यूनिंग मोजायचं कसं

पहिली पद्धत फुकटची. फोनवर साइन टोन, म्हणजे एकच शुद्ध सूर, काढणारं ॲप घ्या. फोनचा आणि स्टिरिओचा इक्वलायझर बंद, बेस बूस्ट शून्य, लो-पास (वरचे सूर कापणारा फिल्टर) पूर्ण उघडा, सबसोनिक (अगदी खालचे सूर कापणारा) फिल्टर तात्पुरता बंद. आवाज कमी ठेवा, शेजारी उभं राहून सहज बोलता येईल इतकाच. सबच्या कोनावर, म्हणजे हलणाऱ्या पडद्यावर, पांढऱ्या टेपचा छोटा तुकडा लावा. आता ६० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली या. टेपचा तुकडा आधी धूसर दिसेल, मग एका ठिकाणी जवळजवळ स्थिर होईल आणि पोर्टमधून मात्र वारा जोरात येईल. अजून खाली गेलात की कोन पुन्हा हलायला लागेल, आधीपेक्षाही जास्त. जिथे तो सगळ्यात कमी हलला तेच ट्यूनिंग. डोळ्यांनी दोन हर्ट्झ इकडेतिकडे होतात, पण ३३ आहे की ३९ हे नक्की कळतं.

दुसरी पद्धत मल्टिमीटरची. १०० ओहमचा रेझिस्टर सबच्या एका वायरीत मालिकेत जोडा. ॲम्पमधून सुमारे २ व्होल्ट येतील इतका टोन सोडा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून सबच्या दोन टोकांवर लावा. रेझिस्टरमुळे करंट जवळजवळ एकसारखा राहतो, त्यामुळे मीटरचा आकडा सबच्या इम्पीडन्सप्रमाणे (त्या सुराला सब करत असलेल्या विरोधाप्रमाणे) वरखाली होतो. ४ ओहमच्या सबवर आकडे मिलिव्होल्टमध्ये येतील, घाबरू नका. १५ ते ८० हर्ट्झपर्यंतचे आकडे वहीत लिहा. दोन शिखरं दिसतील आणि मध्ये दरी. दरीचा तळ म्हणजे ट्यूनिंग.

तळ पसरट असतो, नेमका हर्ट्झ सांगणं कठीण जातं. त्यावर एक चांगली युक्ती आहे. खालचं शिखर आणि वरचं शिखर कुठे आहे ते टिपा. मग पोर्टमध्ये टॉवेल घट्ट कोंबून पुन्हा मोजा. आता एकच शिखर मिळेल. दोन्ही शिखरांच्या वर्गांची बेरीज करा, त्यातून टॉवेलवाल्या शिखराचा वर्ग वजा करा, वर्गमूळ काढा. माझी शिखरं २० आणि ५८ ला होती, पोर्ट बुजवल्यावर ४७ ला. ४०० अधिक ३३६४ वजा २२०९ म्हणजे १५५५, आणि त्याचं वर्गमूळ ३९.४.

स्वस्त मीटर ४० हर्ट्झच्या खाली थोडा कमी आकडा दाखवतो आणि २० च्या आसपास थरथरतो. इथे अचूक व्होल्टेज नको आहे, शिखर आणि दरीची जागा हवी आहे, त्यामुळे चालतं. फक्त मधूनमधून ॲम्पच्या टोकांवर मीटर लावून मूळ २ व्होल्ट टिकलेत ना ते बघा. एखादा विसरलेला फिल्टर सगळी आकडेमोड बिघडवतो.

पोर्ट उघडा असूनही एकच शिखर आलं तर पोर्ट बुजलाय किंवा बॉक्स कुठेतरी मोठा गळतोय.

कागद आणि बॉक्स यांची फारकत कुठे होते

माझ्या बॉक्सची बाहेरची मापं ७० × ३८ × ३६ सेंमी. गुणाकार केला तर ९५.८ लिटर. माझ्या कागदावर हाच आकडा घनफळ म्हणून बसला होता! लाकूड १८ मिमी जाड, म्हणजे प्रत्येक दिशेला ३६ मिमी वजा. आतली मापं ६६.४ × ३४.४ × ३२.४, घनफळ ७४ लिटर. नुसतं लाकूडच २२ लिटर खाऊन गेलं.

ही चूक मूर्खपणाची वाटते, पण बॉक्स बनवायला देताना आपण डिकीत मावतील अशी बाहेरची मापं देतो आणि तीच डोक्यात राहतात. शिवाय ७४ म्हटलं तरी तेही खरं नाही. सबची चुंबकासकट बॉडी साधारण ३ लिटर जागा घेते, आतले आधार १ लिटर. आणि सगळ्यात मोठा चोर पोर्ट. ५ सेंमी रुंद आणि ३२.४ सेंमी उंच चिरेचा पोर्ट, त्याची १८ मिमी भिंत धरून, दर सेंटिमीटर लांबीला २२० घनसेंटिमीटर खातो. पोर्टमधली हवा बॉक्सच्या घनफळात मोजायची नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

गोल नळीसाठी सूत्र असं:

लांबी = (२३५६२ × व्यासाचा वर्ग × नळ्यांची संख्या) ÷ (ट्यूनिंगचा वर्ग × घनफळ) − ०.७३२ × व्यास

लांबी आणि व्यास सेंमीमध्ये, घनफळ लिटरमध्ये. ५० लिटरचा बॉक्स, १० सेंमी व्यासाची एक नळी आणि ३५ हर्ट्झ हवेत, तर ३८.५ वजा ७.३, म्हणजे सुमारे ३१ सेंमी. वजा होणारा भाग टोकांचा. नळी संपली तरी तोंडाजवळची थोडी हवा तिच्यासोबत हलते, म्हणून नळी प्रत्यक्षापेक्षा लांब वागते. चिरेच्या पोर्टसाठी तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा व्यास काढून तो सूत्रात घाला. माझं क्षेत्रफळ १६२ चौरस सेंमी, म्हणजे व्यास १४.४.

आता ९५.८ लिटर धरून ३३ हर्ट्झसाठी लांबी आली ३६ सेंमी. बॉक्स त्याप्रमाणे बनला: सबच्या बाजूला एक सरळ उभी फळी, मागच्या भिंतीपाशी ५ सेंमी मोकळी. सगळं वजा केल्यावर खरं घनफळ ६२ लिटर उरलं. ६२ लिटरला तोच पोर्ट सूत्राप्रमाणे ४१ हर्ट्झला वाजतो. आतलं ७४ लिटर धरून पोर्ट कापला असता, पण सब आणि पोर्ट वजा केले नसते, तर ३७ आलं असतं. पूर्ण हिशेबाने हवी होती जवळपास ७० सेंमी लांबी, आणि तेव्हा निव्वळ घनफळ ५५ लिटरच्या आत येतं. म्हणजे पोर्ट वाढवला की घनफळ घटतं, घनफळ घटलं की अजून पोर्ट लागतो. हे दोन-तीन फेऱ्यांत जुळवावं लागतं, एका फटक्यात नाही.

सूत्र ४१ म्हणतं आणि मीटर ३९. तिथेही गंमत आहे. चिरेचा पोर्ट बॉक्सच्या भिंतींना चिकटून जातो, त्यामुळे आतल्या टोकाशी हवा एकदम मोकळी होत नाही, भिंतीच्या कडेने आणखी थोडी पुढे धरून ठेवली जाते. असा पोर्ट सूत्रापेक्षा लांब वागतो आणि ट्यूनिंग थोडं खाली घेतो. गोल नळीला हा फरक कमी. म्हणून चिरेच्या पोर्टचा बॉक्स मोजल्याशिवाय मी आता कुणाच्या कागदावर विश्वास ठेवत नाही, स्वतःच्या तर मुळीच नाही.

वळणाच्या पोर्टची लांबी मधल्या रेषेवरून मोजायची, हेही इथेच सांगून ठेवतो. आतल्या कोपऱ्यावरून मोजली तर कमी भरते, बाहेरच्यावरून जास्त.

मग एकच सूर का घुमतो

बेस गिटारची सगळ्यात जाड तार, मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झ देते. ३९ ला ट्यून झालेला ६२ लिटरचा बॉक्स ट्यूनिंगच्या जरा वर एक उंचवटा तयार करतो. त्यावर केबिन गेन चढतो, त्यावर ४५ हर्ट्झचा बूस्ट. सगळे एकाच जागी येऊन बसतात. ट्यूनिंगच्या खाली मात्र पोर्टवाला बॉक्स सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो. केबिन गेन त्यातलं थोडं भरून काढतो, बाकी खड्डाच. डोंगराशेजारी दरी असली की कानाला फक्त डोंगर ऐकू येतो.

तोच बॉक्स ३३ वर आणला की उंचवटा पसरतो, उतार खाली सरकतो, आणि केबिन गेन नको तिथे भर घालण्याऐवजी हव्या त्या खालच्या सुरांना उचलतो. रोजच्या ऐकण्यासाठी ३० ते ३५ हर्ट्झ हा पट्टा बहुतेक गाड्यांना मानवतो. ४० च्या वरचं ट्यूनिंग मोठ्या आवाजाच्या स्पर्धेसाठी ठीक, कारण तिथे एकच सूर जोरात हवा असतो.

बॉक्स न फोडता दुरुस्ती

ट्यूनिंग खाली आणायचं तर पोर्ट लांब करा. मोजलेल्या आणि सूत्राच्या आकड्यातला फरक इथे कामाला येतो. माझा बॉक्स सूत्रापेक्षा सुमारे पाच टक्के खाली वाजत होता, म्हणून मी सूत्रात ३३ नाही, ३४.५ घातले. लांबी आली ६२ सेंमी. म्हणजे आधीच्या ३६ ला २६ सेंमीचा हात जोडायचा, मागच्या भिंतीला समांतर, तिच्यापासून ५ सेंमी अंतर राखून.

बारा इंची सबचं भोक साधारण २८ सेंमीचं. २६ सेंमी रुंद फळी त्यातून जाते. पण आत गेल्यावर ती उभी फिरवताना अडते, कारण फळीची उंची आणि बॉक्सची आतली उंची तंतोतंत एक असते आणि जाडीमुळे कोपरे घासतात. उंचीला ३ मिमी कमी कापा. आत लाकडाचा गोंद लावून बसवा, वरून आणि खालून बाहेरच्या बाजूने स्क्रू मारा, आणि ती ३ मिमीची फट सीलंटने भरून टाका. ही फट राहिली तर वारा तिथून शिट्टी वाजवेल आणि पोर्ट लांब केल्याचा निम्मा फायदा जाईल. ॲसिडचा वास येणारं सिलिकॉन वापरलं असेल तर ते पूर्ण सुकेपर्यंत सब बसवू नका. ती वाफ सराउंडच्या (पडद्याच्या कडेच्या लवचिक पट्टीच्या) फोमला आणि गोंदाला त्रास देते.

दुसरा सोपा मार्ग पोर्ट अरुंद करण्याचा, चिरेत एक पातळ फळी आडवी चिकटवायची. ट्यूनिंग खाली येतं, पण वाऱ्याचा वेग वाढतो आणि पोर्ट फुरफुरायला लागतो. आधीच पोर्ट मोठा असेल तरच हा मार्ग घ्या.

उलट, ट्यूनिंग फार खाली गेलं असेल आणि बेस ढिला, दमलेला वाटत असेल, तर पोर्टची लांबी कमी करा. आत लाकडाचे ठोकळे टाकून घनफळ कमी केलं तरी ट्यूनिंग वर जातं. ठोकळे स्क्रूने पक्के करा, नाहीतर नवा खडखडाट विकत घेतलात.

पोर्टमधून फुसफुस

हा दोष ट्यूनिंगचा नाही, क्षेत्रफळाचा आहे. बारा इंची सबला साडेसात सेंमीची एक नळी बसवलेली पुष्कळ बॉक्समध्ये दिसते. तिचं क्षेत्रफळ फक्त ४४ चौरस सेंमी. १० सेंमीची नळी ७८ देते, १५ सेंमीची १७७. ढोबळ मानाने दर २८ लिटरमागे ७५ ते १०० चौरस सेंमी असू द्या. घरच्या स्पीकरमध्ये पोर्टमधल्या हवेचा वेग १७ मीटर प्रति सेकंदाच्या आत ठेवतात, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या पाच टक्के. धावत्या गाडीत थोडं जास्त खपून जातं.

पण मोठा पोर्ट फुकट मिळत नाही. क्षेत्रफळ दुप्पट केलं तर त्याच ट्यूनिंगसाठी लांबीही जवळपास दुप्पट लागते, आणि ती लांबी पुन्हा घनफळ खाते. छोट्या डिकीत म्हणूनच बंद बॉक्स हा शहाणा पर्याय ठरतो.

तोंडाच्या कडा गोल घासल्या तर बराच फरक पडतो, आतल्या टोकाच्यासुद्धा. आणि पोर्टसमोर डिकीची भिंत किंवा सीट त्याच्या रुंदीपेक्षा जवळ आली तर आवाजही होतो आणि ट्यूनिंगही सरकतं. बॉक्स बाहेर मोजून ३५ आणि गाडीत मोजून ३३ आलं तर हेच कारण.

‘टक्’ आवाज आणि सबचा मृत्यू

ट्यूनिंगच्या खाली बॉक्सची हवा कोनाला आवर घालत नाही. पोर्टमधून तोपर्यंत उलट्या फेजचा (कोन ढकलतो तेव्हा ओढणारा) आवाज येऊ लागलेला असतो, तो कोनाचा आवाज मारतो. परिणाम असा की कोन वेड्यासारखा आतबाहेर करतो आणि ऐकू काहीच येत नाही. ऐकू येत नाही म्हणून माणूस आवाज आणखी वाढवतो. मग कॉइलची नळी मागच्या प्लेटवर आपटते, तोच तो टक्.

यासाठी ॲम्पवर सबसोनिक फिल्टर असतो. तो ट्यूनिंगच्या साधारण ८० टक्क्यांवर ठेवायचा, ३३ चा बॉक्स असेल तर २६-२७ वर. मी कागदावरच्या ३३ वर विश्वासून तो २५ ला ठेवला होता. बॉक्स खरा ३९ चा. म्हणजे २५ ते ३९ मधला सगळा पट्टा पहारेकऱ्याशिवाय उघडा. दोन्ही सब त्या पट्ट्यात गेले. त्यांची काही चूक नव्हती.

फिल्टरवरचे आकडेही डोळे झाकून मानू नका. ॲम्पच्या छोट्या नॉबवर २५ आणि ३५ मध्ये केसाएवढं अंतर असतं. टोन लावा, कोन बघा, आणि ट्यूनिंगच्या खाली उतरताना हालचाल वाढायच्या ऐवजी मरायला लागेल अशा जागी नॉब आणा.

बेस बूस्टचं गणितही इथलंच. ६ डेसिबल बूस्ट म्हणजे त्या सुराला चौपट वॉट, १२ म्हणजे सोळापट. एवढे वॉट ॲम्पकडे नसतात, म्हणून तो क्लिप होतो, म्हणजे लाटेचे माथे कापतो, आणि कॉइल जळते. ॲम्पचा गेन नॉब मीटरने व्होल्ट मोजून लावा: वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. २ ओहमला ५०० वॉट हवे असतील तर साडेएकतीस व्होल्ट. तिथे थांबायचं.

बंद बॉक्स घुमत असेल तर

बंद बॉक्समध्ये पोर्ट नाही, तरी एकच सूर घुमू शकतो. तिथे दोषी बहुतेक वेळा एकच, घनफळ कमी. सबच्या कागदावर तीन आकडे असतात: एफएस (सब आपोआप ज्या सुराला सगळ्यात जास्त हलतो तो, म्हणजे त्याचा रेझोनन्स), क्यूटीएस (तिथे तो किती तीव्रपणे घुमतो) आणि व्हीएएस (सबइतकीच लवचिक असलेली हवा, लिटरमध्ये). नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलेलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये वाढवलेलं हे काम, म्हणून यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. व्हीएएसला बॉक्सच्या घनफळाने भागा, १ मिळवा, वर्गमूळ काढा. त्या आकड्याने क्यूटीएसला गुणलं की बॉक्समधला क्यू मिळतो, एफएसला गुणलं की बॉक्समधला रेझोनन्स.

समजा एफएस २८, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ६० लिटर. २० लिटरच्या बॉक्समध्ये गुणक बरोबर २ येतो. क्यू ०.९, रेझोनन्स ५६ हर्ट्झ. हा ढबढब करणारच. ४० लिटरमध्ये क्यू ०.७१ आणि रेझोनन्स ४४. ०.७ च्या आसपास बेस नेटका आणि सपाट वाटतो. बॉक्स मोठा करायला जागा नसेल तर आत पॉलिएस्टरचा कापूस सैल भरा, बॉक्स थोडा मोठा असल्यासारखा वागतो. ठासून भरू नका. पोर्टवाल्या बॉक्समध्ये हा कापूस पोर्टच्या तोंडाजवळ तर अजिबात नको.

हे आकडे हळू सिग्नलवर, बहुधा वापरून मोकळ्या झालेल्या सबवर मोजलेले असतात. कोरा सब कडक असतो, एफएस थोडा जास्त दाखवतो. पहिल्याच दिवशी निकाल लावू नका.

बाकी किरकोळ

गळती: कमी सुराला बॉक्स वाजवत ठेवा आणि पातळ कागदाची पट्टी जोडांवरून, टर्मिनलच्या कपावरून, सबच्या कडेने फिरवा. पट्टी फडफडली की सापडलं. टर्मिनलचा कप हा नेहमीचा गुन्हेगार. बंद बॉक्समध्ये कोन तळव्याने हळू आत दाबून सोडा. लगेच टुणकन् परत आला तर कुठून तरी हवा जातेय, आळसावून परतला तर ठीक.

दोन कॉइलचा सब असेल आणि बेस जवळजवळ शून्य असेल तर एक कॉइल उलटी जोडली गेली आहे. दीड व्होल्टची बॅटरी क्षणभर लावा, दोन्ही कॉइलना कोन एकाच दिशेला सरकला पाहिजे. एक कॉइल मोकळी सोडून वाजवू नका, सबचे सगळे आकडे बदलतात आणि बॉक्सचा हिशेब पुन्हा वाया.

दारातले स्पीकर आणि सब एकमेकांचा आवाज ८० हर्ट्झच्या आसपास मारत असतील तर सबची पोलॅरिटी, म्हणजे अधिक-उणे वायरी, उलटी करून बघा. ज्या जोडणीत ड्रायव्हरच्या सीटवर बेस भरीव वाटेल ती ठेवा, वायरीच्या रंगाला मान देऊ नका.

आणि मोठी फळी ३० सेंमीपेक्षा जास्त निराधार असेल तर वाजताना तिच्या मध्यावर बोटं टेकवा. झिणझिण्या आल्या तर आत एक आडवा आधार द्या, आणि त्याचं घनफळ वजा करायला विसरू नका.

माझ्या बॉक्सच्या पोर्टला तो हात जोडून पुन्हा मोजलं, ३३ आलं. सबसोनिक २७ वर, बूस्ट शून्यावर, तिसरा सब अजून शाबूत. आधी जे सूर ऐकूच येत नव्हते ते आता गाडीभर पसरतात, आणि त्यांच्या हादऱ्याने नंबरप्लेट इतकी वाजायला लागली की तिच्यामागे फोमची पट्टी चिकटवावी लागली.